डाग नसलेलं पान

जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या आणि मी चावायची थांबले. घास तोंडात तसाच राहिला. समोर हॉटेलची हिरवळ, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, पलीकडे ब्रह्मपुत्र उन्हात लठ्ठपणे पसरलेला, आणि या सगळ्याच्या मधोमध माणसं मातीच्या इवल्याशा वाट्यांतून लाकडी चमच्यांनी आमचा पातीचोखा खात होती. वाटीशेजारी कार्ड ठेवलं होतं, त्यावर छापलं होतं ‘मळ्यातल्या श्रमाचा घास’. श्रमाचा घास म्हणे. चहाची कोवळी पानं तळहातावर चुरडायची, त्यात कांदा, मिरची, मीठ, असला तर उकडलेला बटाटा, नशीब जोरावर असलं तर मोहरीच्या तेलाचा थेंब, आणि दुपारी झाडाखाली बसून चुरमुऱ्यांबरोबर गिळायचा. दुसरं काही नसतं म्हणून खायचा. इथं त्यावर डाळिंबाचे दाणे पेरले होते. मुंग्या टोकावरून जिभेच्या कडांकडे सरकल्या, मागोमाग खिळा चोखल्यासारखी चव आली, आणि ती चव मला माझ्या नावाइतकी ओळखीची होती. थुंकायला हवं होतं. पण चारचौघांत थुंकायचं नाही हे मी गुवाहाटीत येऊन इतक्या मेहनतीनं शिकले होते की हात रुमालाकडे जाईना. मी घास गालात सरकवला आणि हसले, कारण समोरून फुकन मॅडम माझ्याकडे बघून हसत होत्या.

फुकन मॅडम म्हणजे आमच्या ‘हिरवी हमी’च्या सर्वेसर्वा. चहाच्या पुड्यावर आमचा हिरवा शिक्का असला की घेणाऱ्यानं समजायचं, या चहापायी कुठला ओढा नासलेला नाही, कुणाचं रक्त आटलेलं नाही, बायांना हातमोजे मिळतात, लेकरांना पाळणाघर मिळतं, तेव्हा निवांत प्या. मी त्यांच्याकडे दुभाषी. तपासणारे मळ्यात जातात, त्यांची भाषा बायांना कळत नाही आणि बायांची त्यांना. मधे मी, हेमंती तासा, धुलिजान मळ्यातल्या मजुरांच्या लाइनीत जन्मलेली आणि शिकून बाहेर पडलेली. हातमोजे मिळतात का, असं मी विचारते. मिळतात, असं बाई म्हणते. तिच्या हातात ते असतातच. सकाळी कोठारातून निघालेले, पावडरीचा वास येणारे, संध्याकाळी परत जमा व्हायचे. बाया त्यांना ‘पाहुण्यांचे हात’ म्हणतात. मी ‘मिळतात’चं भाषांतर ‘मिळतात’ असंच करते. भाषांतरात माझी चूक आजवर कुणी काढलेली नाही.

आज त्याच धुलिजानचा नवा चहा आमच्या शिक्क्यासह बाजारात यायचा होता. खरेदीदार आले होते, वर्तमानपत्रवाले आले होते, काही परदेशी पाहुणेही होते. मॅडमना वाटलं, पाहुण्यांसमोर एक खरीखुरी पान तोडणारी बाई असावी आणि तिनं स्वतःच्या हातानं चोखा करावा. ‘हसरी बघ, आणि फार वाळलेली नको,’ असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी मौसीचं नाव दिलं. सुरधनी मौसी, माझ्या आईची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा मी तिच्या कमरेएवढी होते, पुढचं सगळं तिनंच केलं. ती हसते खरी, पण ते हसणं बहुतेक वेळा समोरच्याच्या अंगावर येणारं असतं, हे मी मॅडमना सांगितलं नाही. आता ती फुलं लावलेल्या छोट्या चौथऱ्यावर मांडी घालून बसली होती. हॉटेलनं दिलेली पांढरी, लाल काठाची साडी, मनगटभर काचेच्या बांगड्या, आणि पाठीवर रिकामी टोपली, कपाळावरून पट्टा घेऊन बांधलेली. बसून चोखा करणाऱ्या बाईच्या पाठीवर टोपली कशाला, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. पुढ्यात लाकडाची परात. मौसीचे दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे झाले होते.

तोच हिरवा रंग माझ्या आईच्या हातांवर असायचा. दुपारी शिरीषाच्या सावलीत बाया पाय पसरून बसायच्या आणि आम्ही पोरं शाळा बुडवून डबा घेऊन जायचो. पाणीवाला मीठ घातलेला चहा घेऊन यायचा, काळा, खारट, घाम भरून काढणारा. तो ज्या पिंपातून आणायचा त्यावर कवटीचं चित्र होतं. दात विचकलेल्या त्या कवटीला आम्ही ‘हसरा बाबा’ म्हणायचो आणि हसऱ्या बाबाचा चहा मिळावा म्हणून भांडायचो. पिंप धुतलेलं असायचं, नाही असं नाही. नाल्यावर धुवायचे, आणि मग त्या दिवशी खालच्या अंगाला मासे पोट वर करून तरंगायचे, ते आम्ही टोपलीनं गोळा करायचो. आई मासे फेकून द्यायची आणि चहा प्यायची. तिच्या हिशेबात काहीतरी तर प्यायलाच हवं होतं. मला आज चहाचा वाससुद्धा सहन होत नाही. कचेरीत सगळे हसतात, चहाच्या मळ्यातली पोर आणि दिवसभर गरम पाणी पिते. मीही त्यांच्यात हसून घेते.

चोख्याचा मात्र एक नियम होता, आणि तो आईनं मला अक्षरं येण्याआधी शिकवला होता. पान तोंडात घालायच्या आधी उजेडात धरून बघायचं. त्यावर तांबूस डाग हवेत, किड्यानं सोंड टोचून रस चोखलेले. डाग असले तर खायचं. लखलखीत, एकसारखं हिरवं पान दिसलं की हात मागे घ्यायचा. ‘किडा आधी, माणूस मागनं,’ असं बाया म्हणायच्या. ज्या पानावर किडा जगला त्यावर माणूस बहुतेक जगेल, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातलं ‘बहुतेक’ सगळ्यांना कळत होतं. म्हणून आमचा चोखा नेहमी मागल्या नाल्याकडच्या सेक्शनमधला, जिथं साहेबांची गाडी जात नाही आणि औषध उरलं तरच पोचतं. बंगल्यासमोरच्या सेक्शनमधलं पान कुणी तोंडात घालत नसे. तो दाखवायचा सेक्शन. पाहुणे तिथं उभे राहून फोटो काढतात, तिथल्या पानावर टाचणीएवढा डाग दिसला तरी साहेबांना खपत नाही, म्हणून सगळ्यात जास्त फवारा तिथंच. फवारल्यावर आठवडाभर तोडायचं नसतं, कोपऱ्यावर लाल फडकं लावतात. पाहुणे यायचे असले की फडकं आधी निघतं, कारण लाल फडकं फोटोत वाईट दिसतं.

फवारणारा झडूकाका आमच्या शेजारच्या घरात राहायचा. त्याच्या अंगाला सडक्या लसणासारखा वास यायचा. आंघोळीनं तो जात नसे, तो वास कपड्यांचा नव्हताच, आतूनच यायचा, त्याच्या घामातून, थुंकीतून. त्याची बायको त्याला ओट्यावर झोपवायची. दिवसभर तोंडाला लाळ सुटायची त्याच्या, तो सारखा बाहीनं पुसत बसायचा, आणि रविवारी हातात लिमलेटच्या गोळ्या घेऊन आम्हाला बोलवायचा. गोळी हवी असायची, पण त्याची बोटं लागलेली गोळी नको असायची. मी ती घ्यायचे, घराच्या मागे जाऊन फ्रॉकला पुसायचे आणि मग तोंडात घालायचे. एकदा त्यानं ते पाहिलं. पुढच्या रविवारी गोळी कागदात गुंडाळून आणली. माणसाची किळस वाटणं आणि माणूस चांगला असणं या दोन गोष्टी एकाच जागी असतात, हे मला तेव्हा झेपलं नव्हतं, अजूनही झेपत नाही. आता त्या गोळीची, लिंबू आणि लसूण एकत्र अशी आठवण गालातल्या घासापाशी येऊन थांबली.

माझ्या हातातल्या वाटीवर शोभेसाठी एक पान उभं खोचलेलं होतं. दोन पानं आणि एक कळी, अगदी चित्रातली. मी ते उजेडात धरलं. एकही डाग नव्हता. सकाळीच हॉटेलचा मुख्य आचारी अभिमानानं सांगत होता की डागाळलेली पानं त्यानं स्वतः निवडून काढली, उरलेली अशी सुंदर आहेत की चकाकतात. चकाकतात, हे मी ऐकलं होतं. ऐकून मान डोलावली होती. आईनं अक्षरांआधी शिकवलेली गोष्ट गुवाहाटीच्या हवेत अशी विरून गेली होती की खोचलेलं पान मला फक्त सुंदर दिसलं. मी राहते ती खोली भरलू नाल्यावर आहे. पहिल्या महिन्यात त्याच्या वासानं मला जेवण जात नव्हतं, आता पाहुणे आले आणि त्यांनी नाक दाबलं की मगच मला नाल्याची आठवण होते. माणूस कशालाही सरावतो असं लोक कौतुकानं म्हणतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही.

मी चौथऱ्याकडे गेले. मौसीशेजारी बसल्यासारखं केलं, जणू साडी नीट करते आहे. मौसीनं मान वर केली नाही.

“थुंकलीस का नाही?”

मी मान हलवली.

“मग थुंक की, नोनी, पोरी माझे. का मुहूर्त बघतेस? हा घे पदर, त्यांचाच आहे.”

मी हॉटेलच्या पदरात थुंकले. तिनं पदराची ती कड आत दुमडली आणि पुन्हा परातीत हात घातले. मी विचारलं, कुठलं पान आहे हे. ती म्हणाली, कुठलं म्हणजे, बंगल्यासमोरचं, पाहुण्यांना पाहुण्यांचंच पान. परवा फवारा झाला होता. काल साहेबांचा माणूस टोपली भरून घेऊन आला, म्हणाला बघ मौसी कसं लखलखतंय. मौसी म्हणाली, लखलखतंय खरं. एवढंच बोलणं झालं होतं.

“आणि तू गप्प बसलीस?”

“मला कुणी विचारलं? विचारलं असतं तर सांगितलं असतं. तू तरी कुठं विचारलंस, गाडीतून येताना? साडी कशी नेसायची ते सांगत होतीस.”

“मौसी, माणसं खातायत ते.”

“खाऊ देत की एक दिवस. आपला घास हवा होता ना त्यांना? मग अर्धामुर्धा कशाला, पुरता घ्यावा.” ती हसली, ते अंगावर येणारं हसू. “एका वाटीनं कुणी मरत नाही. मी काय मेले?”

मग हसू आवरून तिनं हळू आवाजात जे सांगितलं ते मला ठाऊकच होतं. पुढच्या महिन्यात ती कामावरून निघणार होती. तिची कायमची जागा सुनेला मिळायची होती आणि त्या जागेबरोबर घर. आमच्याकडे घर माणसाचं नसतं, कामाचं असतं. जागा सुनेच्या नावावर झाली नाही तर मौसी, सून, दोन नातवंडं आणि अंगणातला फणस यांतला फणस तेवढा तिथं राहणार. कागदावर मोठ्या साहेबांची सही अजून व्हायची होती. “तू तोंड उघडलंस की साहेब म्हणणार, बाईला माहीत होतं आणि तिनं पाहुण्यांना घातलं. मग बस बोंबलत,” असं ती म्हणाली आणि मिरची चुरडायला लागली. यात चुकीचं काहीच नव्हतं. तिला माहीत होतं आणि ती घालत होती.

मी उठून बाजूला उभी राहिले आणि बघत राहिले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एक जाडा खरेदीदार वाटी चमच्यानं खरवडत होता, त्याच्या दातांच्या फटींत हिरवं अडकलं होतं. वर्तमानपत्रातला एक गृहस्थ डोळे मिटून चावत होता आणि शेजारणीला सांगत होता की यात मातीची चव आहे, अस्सल. मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका होता आणि त्या बोलत होत्या तसा तो वरखाली होत होता. जबाबदारी, असं त्या म्हणत होत्या. निसर्गाशी नातं, असं म्हणत होत्या. इतकी तोंडं एकाच वेळी चावताना मी कधी अशी पाहिली नव्हती. चावणारं तोंड नुसतं बघत राहिलं की माणूस उरत नाही, दोन जबडे आणि मधे ओलं काहीतरी, एवढंच. खा, असं मी मनात म्हणत होते. आईच्या वाटचं खा. झडूकाकाच्या वाटचं खा. आई शेवटी शेवटी पाणीसुद्धा ओकत होती, दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला होता की पोटाचा आजार आहे, लाइनीत सगळ्यांना असतो. आणि हे आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आलं तेव्हा मला माझीच किळस आली. झडूकाकाच्या अंगाला वास होता तसा मलाही असेल, असं वाटलं. मी पावडर लावते म्हणून कळत नसेल.

तेवढ्यात एक परदेशी पाहुणी चौथऱ्याजवळ आली. तरुण होती, उन्हानं गाल लाल झालेले. ती मौसीसमोर गवतावर गुडघे टेकून बसली आणि मला म्हणाली, हिला सांग, मला चमचा नको, हिच्या हातानं भरवायला सांग. फोटोवाला धावत आला. मॅडमना ही कल्पना फारच आवडली. मी मौसीला सांगितलं. मौसीनं परातीतून छोटा गोळा उचलला, तीन बोटांत धरला, तसाच, जसा ती मला धरायची, आणि पोरीच्या तोंडाकडे नेला. पोरीनं तोंड उघडलं आणि डोळे मिटले. मौसीचा हात तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. तिथंच राहिला. फोटोवाला म्हणाला, हं, पुढे. हात पुढे जाईना. मौसीच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच होतं, पण तिनं माझ्याकडे पाहिलं. वाटीतून खाऊ घालणं वेगळं आणि हातानं भरवणं वेगळं, हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. त्या एका नजरेत तिनं मला काही सांगितलं की मीच घेतलं, मला माहीत नाही.

“नका खाऊ,” मी म्हणाले. “पान फवारलेलं आहे.”

मोठ्यानं बोलले नव्हते, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मग जे झालं ते इतक्या शिस्तीत झालं की हसू यावं. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांचे हात एकाच वेळी कागदी रुमालांकडे गेले आणि सगळ्यांनी तोंड झाकून, मान वळवून, एकमेकांकडे न बघता थुंकलं. पांढऱ्या चादरींवर चुरगळलेल्या, हिरवट ओल्या गोळ्यांच्या रांगा लागल्या. पाणी आलं, गुळण्या झाल्या. मॅडम माझ्यापाशी आल्या तेव्हा ओठाचा ठिपका पुसलेला होता. तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कुणी नाही, माझ्या जिभेनं. एवढं तरी मी मौसीसाठी सांभाळलं.

धुलिजानचे मोठे साहेब, खाउंड साहेब, शांतपणे चालत आले. ते कधीच घाई करत नाहीत. म्हणाले, “हेमंतीची जीभ आता शहरातली झाली. मिरची लागली असेल.” दोन-तीन लोक हसले. मग साहेब मौसीकडे वळले आणि त्यांचा आवाज मळ्यातला झाला, तो मी ओळखते, त्यात राग नसतो, फक्त उंची असते.

“सुरधनी, पान तू चोळलंस. बरं-वाईट तुला कळतं. पाहुण्यांना तू काय घातलंस?”

फुकन मॅडमनी मला सांगितलं, विचार तिला, नीट विचार, पान कुठलं आहे. वर्तमानपत्रवाल्या गृहस्थानं वही काढली होती. मी मौसीला विचारलं, आमच्या भाषेत, जसं मी कितीतरी बायांना विचारलं होतं. पान कुठलं आहे, मौसी. तिनं परदेशी पोरीच्या तोंडाशी थांबलेला तो गोळा अजून बोटांत धरलेला होता. तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला. मग परातीत हात घालून मूठभर आणखी घेतला आणि तोही घातला. गाल फुगवून, सावकाश, सगळ्यांकडे बघत ती चावत राहिली.

“नाल्याकडचं आहे साहेब, मागचं,” ती भरल्या तोंडानं म्हणाली. “किड्याचं पान. आमच्या पोरीला तेवढी मिरची झेपत नाही आताशा.”

मी त्याचं भाषांतर केलं. बरोबर केलं. नाल्याकडचं आहे, असं म्हणते. आमच्याकडे दवाखान्यात गोळी दिली की कंपाउंडर तोंड उघडून दाखवायला लावतो, गोळी गालात लपवली नाही ना म्हणून. मौसीनं गिळलं आणि तसंच तोंड उघडलं, जीभ बाहेर काढून डावीकडे, उजवीकडे फिरवून दाखवली. हिरवी जीभ, हिरवे दात. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, सुटल्यासारख्या, जरा जास्तच मोठ्यानं. फोटोवाल्यानं एकामागून एक फोटो घेतले. परदेशी पोर रडत होती आणि मौसीचे खांदे धरून काहीतरी म्हणत होती, त्याचं भाषांतर मला कुणी करायला सांगितलं नाही. खाउंड साहेब हसून म्हणाले, झालं समाधान? त्यानंतर एकाही माणसानं चोख्याची वाटी पुन्हा हातात घेतली नाही, वाढप्यांनी त्या गुपचूप उचलल्या. ही गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली असणार, आणि तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मी बोलू शकले असते. फवारा परवा झाला, तिनंच सांगितलं, असं म्हणायचं होतं, एवढंच. पण आता तसं म्हणणं म्हणजे मौसीला सगळ्यांसमोर खोटी ठरवणं, आणि तिनं एवढी मूठभर किंमत मोजून जे वाचवलं ते मीच लाथेनं उडवणं. फुकन मॅडम माझा दंड धरून प्रेमानं म्हणाल्या, “तुला बरं नाहीये हेमंती. मौसीला घेऊन जा. उद्या बोलू आपण.”

मी मौसीला हाताला धरून चालायला लावलं. भटारखान्याच्या मागे भांडी घासायची जागा होती, तिच्यापलीकडे एक छोटं सिमेंटचं तळं, त्यात केशरी मासे. मी तिच्या पाठीवरची टोपली ओढून काढली, तिची मान खाली दाबली आणि तिच्या घशात दोन बोटं घातली. ती मला चावली. मी बोटं काढली नाहीत. पहिल्यांदा नुसती लाळ आली, दोरीसारखी, मग हिरवा लोंढा, कांद्याच्या फोडी, डाळिंबाचे दाणे, आणि तो वास, लसणाचा, ओट्यावरचा, रविवारचा. माझ्या हातावर गरम गरम आलं. मलाही ओकारी आली, तरी तिचं कपाळ मी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं, जसं ती माझं धरायची. हॉटेलचा माळी पाइप घेऊन धावत आला आणि म्हणाला, “ए, इथं नको, इथं नको, तळ्यात जाईल. मासे आहेत.” मी त्याच्याकडे बघितलं. तो जरा मागे सरला आणि मग स्वतःच पाइपचं पाणी आमच्या हातांवर धरलं, पण तळ्याच्या उलट्या बाजूला.

मौसीचे हात मी साबणानं धुतले, पुन्हा धुतले. नखांच्या मुळाशी रंग बसलेला होता, तो निघत नव्हता, तो नवा नव्हताच. तिनं साडीच्या न दुमडलेल्या कडेनं तोंड पुसलं, एक थुंकी टाकली, थोडा वेळ डोळे मिटून भिंतीला टेकून बसली. ओठ पांढरे पडले होते. मी म्हणाले, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, संध्याकाळची बस चुकेल. हिरवळीवरून गाण्याचा आवाज येत होता, आमचंच मळ्यातलं झुमुर लावलं होतं कुणीतरी. सही होईल ना गं, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, होईल. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं माझं मनगट धरलं.

“बसपर्यंत सोड मला लवकर,” ती म्हणाली. “उद्या बंगल्यासमोरचाच सेक्शन तोडायचा आहे. फडकं काढलंय, नव्या पोरींना काय कळणार. सकाळी त्यांच्या आधी पोचायला हवं, डबे तिथं उघडू नका म्हणून सांगायला.”